थंड प्रदेशातील निवृत्त मोटारचालक आणि विमा : काय घ्यावे, काय सोडावे

शाली, नमदे आणि भरतकामाचे कापड यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील कापड व्यापाऱ्यांचा काश्मीरशी जुना संबंध आहे. आपल्याकडून खरेदीसाठी माणसे तिकडे जातात आणि हिवाळा लागला की तिकडचे शालविक्रेते आपल्या शहरांत उतरतात. या येण्याजाण्यात धंद्याच्या बोलण्याबरोबर घरच्या अडचणीही निघतात. त्यांतील एक प्रश्न आमच्या कानावर वारंवार आला. श्रीनगर, अनंतनाग, बारामुल्ला येथील ज्या बुजुर्गांनी दुकान मुलांच्या हाती सोपविले किंवा जे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, त्यांची मोटार आता फारशी चालत नाही. जुम्याची नमाज, बाजार, दवाखाना आणि नातेवाइकांकडील लग्न-मयत एवढेच तिचे काम. डिसेंबर ते मार्च तर ती बहुतेक अंगणातच उभी असते. मग विम्याचा पूर्ण हप्ता कशासाठी भरावा? कायद्याला लागते तेवढी पॉलिसी घेऊन बाकीचे सोडून द्यावे, असे त्यांना वाटते.

हा हिशेब वरवर बरोबर दिसतो, पण त्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. पहिली गोष्ट, थंड प्रदेशात मोटारीचे नुकसान रस्त्यावर होते तसे ती उभी असतानाही होते. दुसरी गोष्ट, चालत्या धंद्यातील माणूस एका सीझनमध्ये भरून काढील असा खड्डा पेन्शनवर किंवा मुलाने दिलेल्या खर्चावर राहणाऱ्या माणसाला भरून काढता येत नाही. म्हणून कमी चालणाऱ्या मोटारीचा विमा कमी करावा की नाही, याचे उत्तर किलोमीटर मोजून मिळणार नाही. कोणते नुकसान आपण खिशातून सोसू शकतो आणि कोणते नाही, हे पाहूनच ते मिळेल. मोटार विम्याच्या मूळ शर्ती देशभर जवळपास एकच आहेत. त्यामुळे पुढील माहिती काश्मीरच्या निमित्ताने दिली असली तरी मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांनाही ती उपयोगी पडेल.

आधी दुसऱ्याचा हक्क

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक जागेत वाहन वापरायचे तर त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. परंतु खरी भीती या दंडाची नाही. बर्फावरून गाडी घसरून एखादा कमावता माणूस दगावला आणि विमा नसला, तर न्यायाधिकरण ठरवील ती भरपाई मालकाला स्वतः द्यावी लागते. तेव्हा घर आणि दुकान दोन्ही धोक्यात येतात.

या विम्याचा दर सरकार ठरविते आणि तो सर्व कंपन्यांचा एकच असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक जीएसटी, असा हप्ता ठरला. यात घासाघीस चालत नाही. एजंट सवलत सांगतो ती पॉलिसीच्या दुसऱ्या भागावरची असते.

येथे एक बारीक कलम पाहावे. मृत्यू आणि शारीरिक इजेच्या भरपाईला पॉलिसीत ठरावीक रकमेची मर्यादा नसते. मात्र दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खाजगी मोटारीला साधारणतः साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते आणि ती कमी करून ६,००० रुपयांवर आणण्याचीही सोय आहे. किरकोळ सवलतीसाठी ही मर्यादा उतरवून घेऊ नये. उतारावर गाडी घसरून कोणाच्या दुकानात किंवा नव्या मोटारीवर आदळली, तर ६,००० रुपयांत काच तरी येईल का, याचा विचार करावा.

गाडीत कोण बसते हेही पाहावे. निवृत्त माणसाबरोबर पत्नी, नातवंडे, शेजारी बसतात. फक्त कायद्यापुरती पॉलिसी असेल तर अशा विनाभाडे बसणाऱ्यांच्या भरपाईवरून कोर्टात वाद होत आलेले आहेत. पॅकेज पॉलिसीत म्हणजे पूर्ण विम्यात ते धरलेले असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली एका निकालात स्पष्ट केले. शिवाय प्रत्येक आसनामागे दोन लाख रुपयांपर्यंतचा वैयक्तिक अपघात विमा थोड्या जादा हप्त्यात जोडून मिळतो.

गाडी उभी असते तेव्हा

पॉलिसीचा दुसरा भाग आपल्याच गाडीच्या नुकसानीचा. सोडून द्यावासा वाटतो तो हाच. त्यातील धोक्यांची यादी एकदा शांतपणे वाचावी. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगल आणि संप, दुष्ट हेतूने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, भूकंप, पूर, वादळ, गारपीट आणि हिमदहन, दरड आणि खडक कोसळणे, प्रवासात रेल्वेवर वा ट्रकवर चढविलेली असताना झालेले नुकसान, आणि बाहेरून झालेला कोणताही अपघात. या यादीतील निम्म्याहून अधिक संकटे उभ्या गाडीवर येतात.

काश्मीरकडे पाहिले म्हणजे हे ध्यानात येते. सप्टेंबर २०१४ मध्ये झेलमचे पाणी श्रीनगरात शिरले तेव्हा दारात उभ्या असलेल्या मोटारी बुडाल्या. नोव्हेंबर २०१८ आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये बर्फ वेळेआधी पडले. पाने न झडलेल्या झाडांवर त्याचा भार आला आणि सफरचंदाच्या बागांत फांद्याच्या फांद्या मोडल्या. अशा फांदीखाली मोटार असेल तर ती चालविणारा कितीही सावध असला तरी काय उपयोग? काश्मिरी घरांची छपरे उतरती आणि पत्र्याची असतात. उन्हाची तिरीप आली की साचलेल्या बर्फाची लादी एकदम खाली घसरते आणि भिंतीलगत लावलेल्या गाडीची काच व टप घेऊन जाते. एप्रिल २०२५ मध्ये रामबन भागात ढगफुटी होऊन डोंगराचा चिखल व दगड खाली आले, त्यात कित्येक वाहने गाडली गेली.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. पॉलिसीच्या यादीत दरड आणि हिमदहन हे शब्द आहेत, पण छपरावरून घसरलेले बर्फ किंवा हिमकडा कोसळणे यांची नावे स्वतंत्रपणे लिहिलेली नाहीत. असे नुकसान बाहेरून झालेला अपघात या सदरात मागावे लागते. म्हणून पॉलिसी घेतानाच कंपनीला लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. तोंडी आश्वासन क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. तसेच युद्ध आणि परकीय शत्रूची कृती यांमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. सरहद्दीलगत राहणाऱ्यांनी हे ध्यानात असू द्यावे.

कोणी सल्ला देईल की थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरी जोडून घ्या, स्वस्त पडेल. अशी मधली पॉलिसी असते हे खरे. पण तिच्यात पूर, दरड, हिमदहन आणि पडलेली फांदी यांतले काहीच नाही. थंड डोंगरी प्रदेशात जे टाळायचे तेच त्यात उघडे राहते.

मग हा दुसरा भाग सोडावाच नये का? गाडी फार जुनी असेल तर सोडता येतो. पॉलिसीवर गाडीची जी किंमत धरलेली असते तिला आयडीव्ही म्हणतात. नव्या गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते आणि चार ते पाच वर्षांच्या टप्प्यात ती मूळ किमतीच्या निम्म्यावर येते. पाच वर्षांनंतर ती मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. ही रक्कम डोळ्यांसमोर ठेवून स्वतःला विचारावे की उद्या गाडी पूर्ण गेली तर कर्ज न काढता आणि मुलांपुढे हात न पसरता एवढे पैसे उभे राहतील का? राहत असतील तर हा भाग सोडण्यास हरकत नाही. राहत नसतील तर सोडू नये. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही मुद्दाम कमी लिहून घेणे मात्र वाईट. चोरी झाली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी पूर्ण गेली असे धरतात आणि मिळते ती हीच कमी लिहिलेली रक्कम.

थंडीचे जे नुकसान मिळत नाही

काश्मीरमध्ये २१ डिसेंबर ते ३० जानेवारी हे चाळीस दिवस चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे सर्वात कडक थंडीचे. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचे तापमान उणे ८.५ अंशांपर्यंत उतरले होते. पाण्याचे बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल तर ते गोठून रेडिएटर किंवा इंजिनाचा ठोकळा फुटतो. यादीत हिमदहन आहे म्हणून ही भरपाई मिळेल असे धरून चालू नये. पॉलिसीत झीज, यांत्रिक व विजेचा बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेले असते. गाडीची वाजवी काळजी घेण्याची अटही मालकावर असते. कूलंट न टाकल्याने इंजिन फुटले, असे सर्व्हेअरने लिहिले की वाद उभा राहतो. त्यापेक्षा हिवाळ्याआधी अँटीफ्रीज कूलंट भरून गॅरेजची पावती फाइलला लावावी. पाणी आणि ग्लायकोल निम्मे-निम्मे असले की मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते. या कामाचा खर्च विम्याच्या हप्त्यापुढे काहीच नाही.

बॅटरीचेही तसेच. थंडीत तिचा जोर कमी होतो आणि गाडी आठ-आठ दिवस उभी राहिली की ती बसते. अशी बसलेली बॅटरी विम्यात येत नाही. अपघातात फुटली तरी तिच्यावर ५० टक्के घसारा कापला जातो. टायर नुसते फाटले तर काही मिळत नाही. गाडीलाही त्याच वेळी नुकसान झाले असेल तरच टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत भरपाई मिळते. डिझेल गोठल्याने गाडी बंद पडली तर तोही विम्याचा विषय नाही.

आगीबद्दल दोन शब्द. आग यादीत पहिलीच आहे. पण डिझेलची टाकी गरम करण्यासाठी खाली जाळ करणे, बॉनेटखाली किंवा आसनावर पेटती कांगडी ठेवणे या सवयी आहेत. त्यातून आग लागली तर कंपनी निष्काळजीपणावर बोट ठेवणारच. फेरनखाली कांगडी घेऊन गाडी चालविणे तर जिवाशीच खेळ आहे.

नो क्लेम बोनसचा हिशेब

सावध आणि कमी चालविणाऱ्या निवृत्त माणसाची विम्यातील सर्वात मोठी कमाई म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम केला नाही तर स्वतःच्या नुकसानीच्या भागावर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. व्यापाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

समजा, या भागाचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर पोहोचलो आहोत. भिंतीला घासून बंपर गेला. ४,००० रुपयांचा प्लॅस्टिकचा भाग आणि २,००० मजुरी, एकूण बिल ६,०००. प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणून २,००० गेले. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांचा सक्तीचा वाटा आपल्यावर असतो, तेही गेले. हातात आले ३,०००. आता पुढे पाहा. मूळ हप्ता तोच राहिला असे धरू. पुढल्या वर्षी सूट नाही, म्हणजे ४,००० रुपये जादा. त्यापुढे २० टक्के सूट, म्हणजे २,४०० जादा. मग २,०००, मग १,२००, मग ४००. पाच वर्षांत एकूण १०,००० रुपये जादा गेले. तीन हजारांसाठी दहा हजार देणारा सौदा कोणता कापडवाला करील? म्हणून बारीकसारीक दुरुस्ती खिशातून करावी आणि क्लेम मोठ्या नुकसानीसाठी ठेवावा.

याच कारणाने काही रक्कम स्वतःच्या अंगावर जास्त घेऊन हप्त्यात सूट मिळविण्याची सोय निवृत्त माणसाला मानवते. २,५०० किंवा ५,००० रुपयांपर्यंतचे नुकसान आपण कंपनीकडे नेणारच नसू, तर तेवढ्याच्या विम्याचे पैसे का द्यावेत?

आता हिवाळ्यातील एक मोठी चूक. पॉलिसी नोव्हेंबरअखेर संपली, गाडी मार्चपर्यंत उभीच राहणार, तेव्हा एप्रिलमध्ये नवी घेऊ, असे काही जण ठरवितात. पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर साठविलेला बोनस बुडतो. डिसेंबर ते मार्च हे चार महिने म्हणजे सुमारे १२० दिवस. शिवाय त्या काळात पडलेले बर्फ आणि फांदी आपल्याच अंगावर. घरापुढच्या रस्त्यावर उभी गाडीही सार्वजनिक जागेत असते, तेव्हा कायद्याचाही भंग होतो. कमी चालणाऱ्यांना हप्ता वाचवायचा असेल तर किलोमीटरप्रमाणे हप्त्याच्या जोडयोजनेची चौकशी करावी. विमा नियामक प्राधिकरणाने २०२२ साली तिला परवानगी दिली आहे.

जोडून घ्यायची संरक्षणे

एजंट दहा नावे वाचून दाखवितो. थंड प्रदेशातील निवृत्त माणसाने त्यांतील दोन-तीनच पाहावीत. पहिले, रस्त्यावरील मदत. मूळ पॉलिसीत अपघातग्रस्त मोटार ओढून नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंतच मिळतो आणि डोंगरी रस्त्यावरून शहरापर्यंत गाडी आणायला तेवढ्यात भागत नाही. मदतीच्या योजनेत बसलेली बॅटरी सुरू करून देणे आणि गाडी ओढून नेणे हे असते. मात्र ही सेवा आपल्या तालुक्यात येते की श्रीनगर-जम्मूपुरतीच आहे, हे आधी विचारावे. दुसरे, घसारा न कापण्याची योजना. गाडी नवी असेल तर ती घ्यावी. जुन्या गाड्यांना कंपन्या ती बहुधा देत नाहीत. तिसरे, इंजिनाचे संरक्षण. ते मुख्यतः पाणी शिरून झालेल्या बिघाडासाठी असते. झेलमकाठी सखल भागात राहणाऱ्याला ते उपयोगी आहे. गोठण्याने झालेले नुकसान त्यात येते का, ते शर्तीत वाचल्याशिवाय मानू नये. चावी हरविणे, नट-बोल्ट व तेलाचा खर्च यांसारख्या गोष्टी आपण सोसू शकतो. त्या सोडाव्यात.

वय, लायसन्स आणि नाव

वयाची ५५ वर्षे पूर्ण झाल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांसाठीच मिळते आणि डॉक्टरांचा दाखला लागतो. मुदत संपल्यानंतर ३० दिवस लायसन्स चालू धरण्याची पूर्वीची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. मुदतीआधी एक वर्षापासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. संपलेल्या लायसन्सवर अपघात झाला तर आपल्या गाडीची भरपाई नाकारली जाऊ शकते. जखमी माणसाला कंपनीने पैसे दिले तरी ते मालकाकडून वसूल करण्याची मुभा कोर्ट तिला देते. नजर, गुडघे आणि रात्रीचे दिसणे यांची खरी तपासणी करून घ्यावी. हा दाखला कागदापुरता घेणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाची बेफिकिरी होय.

मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमाही लागतो. तेवढ्याच रकमेचा अपघात विमा आधीच असेल तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. हा विमा गाडीचा नोंदणीकृत मालक आणि लायसन्सधारक यालाच लागू होतो. वडिलांच्या नावावरील गाडी मुलगा चालवीत असेल तर मुलाला तो मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय करावी.

फर्ममधून निवृत्त होताना वडिलांना फर्मची मोटार देण्याची पद्धत आपल्यातही आहे. नाव बदलताच १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे. बोनस गाडीबरोबर जात नाही, तो मालकाबरोबर जातो. तसेच मालकाचे निधन झाल्यास पॉलिसी लगेच संपत नाही. तीन महिने किंवा तिची मुदत, यांतील जे आधी येईल तोवर ती वारसांसाठी चालू राहते. घरच्यांना ही गोष्ट माहीत असावी.

माल आणि नमुने

व्यापारी घरांसाठी हे कलम महत्त्वाचे आहे. खाजगी मोटारीच्या पॉलिसीत भाड्याने वापर आणि मालवाहतूक यांना मनाई असते. स्वतःचे सामान आणि विक्रीचे नमुने चालतात. म्हणजे अब्बांच्या गाडीतून दहा शालींचे नमुने गिऱ्हाइकाला दाखवायला नेले तर हरकत नाही. पण त्याच गाडीत गाठोडी भरून माल पोहोचविला किंवा सीझनमध्ये पर्यटकांना भाडे घेऊन फिरविले तर पॉलिसीची शर्त मोडते. वर्षभर भरलेला हप्ता त्या एका खेपेत वाया जाऊ शकतो.

शरीअतचा प्रश्न

आपल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न असणारच. जिद्दा येथील इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८५ मध्ये ठराव केला की ठरावीक हप्त्याचा व्यापारी विमा त्यातील गररमुळे नाजायज आहे आणि परस्पर सहकार्यावर उभा असलेला विमा जायज आहे. या दुसऱ्या मार्गाने सुदानमध्ये १९७९ साली कंपनी निघाली आणि मलेशियाने १९८४ साली तकाफुलचा कायदा केला. आपल्या देशात मोटारीसाठी तशी सोय नाही.

आम्ही व्यापारी आहोत, मुफ्ती नाही. फतवा देणे हे आमचे काम नाही. पण प्रश्न नीट विचारला तर उत्तरही नीट मिळते. म्हणून आलिमांकडे जाताना पॉलिसीचे दोन भाग वेगळे करून सांगावेत. एक भाग कायद्याने सक्तीचा आहे. त्यातील पैसा आपल्याला मिळत नाही, आपल्या हातून ज्याचे नुकसान झाले त्याला किंवा त्याच्या यतीम मुलांना मिळतो. दुसरा भाग आपल्या मर्जीचा आहे. आपले उत्पन्न किती, गाडीची गरज किती, नुकसान सोसण्याची ताकद किती हे सांगून त्याबद्दल हुकूम विचारावा. जे दुसरा भाग घेत नाहीत त्यांनी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला ठेवावी. चार-पाच भावांनी किंवा एका मोहल्ल्यातील लोकांनी मिळून असा निधी ठेवला तर आणखी चांगले. विमाही नाही आणि गंगाजळीही नाही, ही स्थिती मात्र तवक्कल नव्हे. उंट बांधून मग तवक्कल करण्याची शिकवण आपल्याला आहे.

नुकसान झाले तर

गाडी हलविण्याआधी बर्फ, फांदी, दरड यांसह फोटो घ्यावेत. बर्फ वितळते आणि पुरावाही त्याच्याबरोबर जातो. कंपनीला त्याच दिवशी कळवून नोंदणी क्रमांक घ्यावा. रस्ता बंद असल्याने सर्व्हेअर येऊ शकत नसेल तर तसे लेखी मागावे. पुरात बुडालेली किंवा गोठलेली गाडी चालू करून पाहू नये. त्याने झालेला जादा बिघाड आपल्या माथी येतो. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात आणि कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षात जावे लागते. जम्मू-काश्मीरसाठी हे कार्यालय चंदीगडला आहे, आपल्यासाठी महाराष्ट्रातच आहे.

सारांश असा की पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम ठरवून घ्यावा. पहिले पैसे दुसऱ्याच्या हक्कासाठी, त्यात मालमत्तेची पूर्ण मर्यादा आणि गाडीत बसणाऱ्यांचे संरक्षण यावे. दुसरे पैसे कूलंट, बॅटरी, टायर आणि डोळ्यांच्या तपासणीसाठी, कारण त्यांची जागा कोणतीही पॉलिसी घेऊ शकत नाही. तिसरे पैसे आपल्या गाडीच्या मोठ्या नुकसानीसाठी, जर ती गेल्यास पुन्हा उभी करण्याची ताकद नसेल तर. उरलेली जोडसंरक्षणे या तिन्हींनंतर. नूतनीकरणाची तारीख हिवाळ्यात येत असेल तर रस्ते बंद होण्याआधीच पॉलिसी हाती घ्यावी आणि तिची एक प्रत गाडीत व एक घरात ठेवावी.